चावंडवरच्या बाळासाठी चांदबीबी मुघलांशी लढली, पण तिचा जीव घेतला तिच्याच माणसांनी

जुन्नरवरून नाणेघाटाकडे निघालं की वाटेत चावंडचा किल्ला लागतो. कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या, आधाराला रेलिंग, वर पाण्याची सात टाकी आणि चामुंडा देवीचं देऊळ. शनिवार-रविवारी इथं ट्रेकर्सची गर्दी असते. फोटो निघतात, रील्स बनतात आणि मंडळी पुढं नाणेघाटात जातात.

पण सव्वाचारशे वर्षांपूर्वी याच किल्ल्यावर एक कैदी होता. वय म्हणाल तर अगदी तान्हं बाळ.

या बाळाचं नाव बहादूर. अहमदनगरच्या निजामशाहीचा तो वारस होता. 1595 साली त्याचे वडील लढाईत मारले गेले आणि दरबारातल्या एका गटाने त्याला उचलून थेट चावंडवर नेऊन ठेवलं. गादीवर आपल्या मर्जीतला माणूस बसवायचा तर खरा वारस नजरेआड असलेला बरा, एवढंच गणित होतं.

या बाळाच्या बाजूने जी उभी राहिली ती म्हणजे चांदबीबी.

चांदबीबी म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातलं चित्र आठवतं. हातात तलवार, चेहऱ्यावर नकाब, समोर पडलेला तट. ते चित्र खोटं नाही, फक्त अर्धं आहे. उरलेली अर्धी गोष्ट जुन्नरपाशी येऊन थांबते आणि ती कळल्याशिवाय चांदबीबी कळत नाही.

तर सुरुवातीपासून बघू.

निजामशाहीची सुरुवातच मुळात जुन्नरमधून झाली. इथं बसून मलिक अहमदने 1490 मध्ये बहमनी सत्तेपासून फारकत घेतली. पुढं त्याने अहमदनगर शहर वसवलं आणि राजधानी तिकडं गेली. याच घराण्यातला तिसरा सुलतान हुसेन निजामशहा. त्याची आणि खुंजा हुमायूनची मुलगी म्हणजे चांदबीबी. जन्म साधारण 1550 च्या सुमाराचा.

आई खुंजा हुमायून ही साधी बाई नव्हती. 1565 मध्ये हुसेन वारला, मुलगा मुर्तझा लहान होता, तेव्हा राज्याचा कारभार तिनेच हातात घेतला. काही वर्षं तिने तो चालवलाही. मग मुलगा मोठा झाला, दरबारी त्याच्या बाजूने झाले आणि त्याने आईला कैदेत टाकलं.

याचा एक पुरावा आजही पुण्यात आहे. हुसेन निजामशहावर लिहिलेली 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाची सचित्र पोथी भारत इतिहास संशोधक मंडळात जपून ठेवली आहे. त्यातल्या चित्रांत राजाशेजारी राणी बसलेली होती. नंतर कुणीतरी बहुतेक चित्रांतली राणीची आकृती पुसून टाकली. सत्ता गेल्यावर राणीला चित्रातूनही काढलं, असं अभ्यासक मानतात.

गादीवर मूल असेल तोवर बाईने राज्य सांभाळायचं आणि गरज संपली की बाजूला व्हायचं. चांदबीबीने हे स्वतःच्या आईच्या बाबतीत पाहिलं होतं.

तिचं स्वतःचं लग्न झालं तेही राजकारणातूनच. विजयनगरच्या विरोधात दख्खनच्या सुलतानांना एकत्र यायचं होतं. त्यासाठी सोयरीक जुळवली गेली. चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण गेला. अलीची बहीण अहमदनगरला सून म्हणून आली. ही युती झाली आणि 1565 च्या जानेवारीत तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला.

विजापूरला गेलेली चांदबीबी जनानखान्यात बसून राहिली नाही. ती घोड्यावर बसायची, शिकारीला जायची, नवऱ्याबरोबर मोहिमांवर असायची असं सांगतात. फारसी-अरबीच्या जोडीला मराठी आणि कन्नडही तिला येत होतं म्हणतात. विजापुरात आजही तिच्या नावाची चांद बावडी आहे, ती अली आदिलशहाने 1579 मध्ये बांधली.

त्याच्या पुढच्याच वर्षी, 1580 मध्ये, अलीचा खून झाला. मूलबाळ नव्हतं. गादीवर बसला नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम आणि त्याची पालक झाली चांदबीबी.

आता इथून खरा खेळ सुरू होतो.

कारभारी कामिलखान डोईजड झाला. चांदबीबीने किश्वरखानाला हाताशी धरून त्याला हटवलं. मग किश्वरखानच डोईजड झाला. त्याला काढायच्या हालचाली तिने सुरू केल्या, तर त्याने उलट तिलाच पकडून साताऱ्याच्या किल्ल्यावर, म्हणजे आपल्या अजिंक्यताऱ्यावर, कैदेत ठेवलं. पण विजापुरात लोक आणि हबशी सरदार त्याच्यावर उलटले. किश्वरखान पळाला आणि चांदबीबी परत आली.

तेवढ्यात विजापूरवर बाहेरून फौजा चालून आल्या. एक फौज गोवळकोंड्याची आणि दुसरी चक्क अहमदनगरची, म्हणजे तिच्या माहेरची. सासरचा तट तिने माहेरच्या फौजेविरुद्ध लढवला. पावसाने तट ढासळला तेव्हा ती स्वतः उभी राहून रातोरात बांधकाम करून घेत होती, असं सांगतात. वेढा फसला.

संकट टळलं आणि आईच्या बाबतीत जे झालं तेच पुन्हा झालं. दिलावरखान नावाच्या सरदाराने कारभार ताब्यात घेतला आणि चांदबीबी बाजूला पडली. 1584 मध्ये इब्राहिमच्या बहिणीचं लग्न अहमदनगरच्या राजपुत्राशी ठरलं. त्या वऱ्हाडाबरोबर चांदबीबी माहेरी परतली.

माहेरी काय चाललं होतं? 1588 मध्ये तिचा भाऊ मुर्तझा याला त्याच्याच मुलाने मारलं. वर्षभरात त्या मुलालाही मारलं गेलं. मग एक अल्पवयीन मुलगा गादीवर, मग त्याचा बाप, मग त्याचा दुसरा मुलगा इब्राहिम. हा इब्राहिम निजामशहा 1595 मध्ये विजापूरशी झालेल्या लढाईत पडला. त्याचं तान्हं बाळ म्हणजे आपला चावंडवरचा बहादूर.

त्या वेळी अहमदनगरात एकाच वेळी चार गट होते. मियाँ मंजूने अहमद नावाचा एक मुलगा राजघराण्यातला म्हणून गादीवर बसवला. इखलासखानाने मोती नावाचं दुसरंच मूल उभं केलं. नेहंगखान म्हाताऱ्या शाह अलीला घेऊन आला. आणि चांदबीबी बहादूरच्या बाजूने होती.

मियाँ मंजू अडचणीत आला आणि त्याने अशी चूक केली जी निस्तरता निस्तरता राज्य गेलं. गुजरातेत अकबराचा मुलगा शहजादा मुराद फौज घेऊन बसला होता. मंजूने त्याला मदतीला बोलावलं.

दख्खन घ्यायला टपलेल्या मुघलांना आमंत्रणच मिळालं. मुराद निघाला, सोबत अब्दुर्रहीम खानखानान. म्हणजे ज्याचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात वाचले तोच रहीम. ते जवळ येईपर्यंत इकडं मंजूने आपल्या विरोधकांना हरवलं होतं आणि त्याला मुघलांची गरज उरली नव्हती. पण आता उशीर झाला होता. तो किल्ला दुसऱ्याच्या हवाली करून कुमक आणायला बाहेर पडला.

आणि चांदबीबीने किल्ला ताब्यात घेतला. मंजूने मागे ठेवलेल्या अन्सारखानाचा काटा काढला गेला. बहादूर अजून चावंडवरच कैदेत होता, तरी तिने त्याच्या नावाने द्वाही फिरवली. राजा जुन्नरच्या डोंगरात आणि त्याच्या नावाने नगरचा किल्ला लढवणारी बाई तटावर, अशी परिस्थिती.

1595 च्या डिसेंबरात मुघलांनी वेढा घातला.

अहमदनगरचा किल्ला भुईकोट आहे. डोंगर नाही, दरी नाही, फक्त खंदक आणि तट. असा किल्ला घ्यायचा तर तटाखाली बोगदे खणायचे, त्यात दारू ठासायची आणि उडवून द्यायचा. याला सुरुंग म्हणायचे. मुघलांनी असे पाच सुरुंग खणले.

1596 च्या फेब्रुवारीत एका रात्री मुघल छावणीतलाच ख्वाजा मुहम्मदखान शिराझी तटाजवळ आला आणि सुरुंग कुठं आहेत ते आतल्या लोकांना सांगून गेला. लढणाऱ्यांची जिद्द बघून त्याचं मन बदललं, असं फेरिश्ता लिहितो. हा फेरिश्ता त्याच काळातला इतिहासकार, आधी अहमदनगरच्या दरबारात होता आणि नंतर विजापूरला गेला.

चांदबीबीने रातोरात आतून खणायला माणसं लावली. दोन सुरुंग सापडले, दारू काढून टाकली. तिसऱ्यापर्यंत पोचले आणि तेवढ्यात मुघलांनी बत्ती दिली. खणणारे जागच्या जागी गेले, तटाला मोठं खिंडार पडलं. आतले सरदार पळायच्या तयारीला लागले.

त्या क्षणी चांदबीबी बाहेर आली. अंगावर चिलखत, तोंडावर नकाब, हातात नंगी तलवार. तिने खिंडारावर तोफा आणि बाण आणवले, पळणारे थांबले. दिवस मावळेपर्यंत मुघल हल्ल्यामागून हल्ले करत राहिले आणि खंदक प्रेतांनी भरला. रात्री तिने बायाबापड्यांसकट सगळ्यांना कामाला लावलं. जे हाती लागेल त्याने खिंडार भरलं. सकाळी मुघलांनी पाहिलं तर भिंत पुन्हा 7-8 फूट उभी होती.

गोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफेत घालून उडवली, अशी एक कथा आहे. ती दंतकथा म्हणूनच घ्यायची. पण लोकांना ती का सांगावीशी वाटली, हे कळायला अवघड नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. हा वेढा संपला तो लढाईने नाही, तहाने संपला.

मुघल छावणीत दाणागोटा संपत आला होता, मुराद आणि खानखानान यांचं आपसात पटत नव्हतं, विजापूरहून सुहेलखान फौज घेऊन निघाला होता. इकडं किल्ल्यातही उपासमार होती. चांदबीबीने वऱ्हाड प्रांत मुघलांना द्यायचं कबूल केलं आणि बदल्यात बहादूरला निजामशहा म्हणून मान्यता घेतली. मुघल फौज मागं फिरली. चावंडवरून बहादूरला आणलं आणि अहमदनगरच्या गादीवर बसवलं.

वऱ्हाड गेलं, पण राज्य राहिलं. समोरच्याची अडचण आणि आपली अडचण दोन्ही मोजून तिने हा सौदा केला होता. खिंडारात उभं राहण्याइतकंच हेही हिमतीचं काम होतं, पण याचं चित्र कुणी काढत नाही.

पुढची चार वर्षं जुनंच दुखणं. तिने मुहम्मदखानाला पेशवा केलं, तो शिरजोर झाला. त्याला विजापूरच्या मदतीने हटवून नेहंगखानाला आणलं, तर त्याने चांदबीबीलाच कैद करायचा बेत आखला. तिने वेळीच किल्ल्याचे दरवाजे बंद केले. मग पेशवा बाहेर आणि राणी आत, असा घरचाच वेढा सुरू झाला.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. त्याच काळात इंग्लंडच्या गादीवर पहिली एलिझाबेथ होती. ती स्वतःच्या नावाने राणी होती. चांदबीबी कधीच तशी नव्हती. विजापुरात नऊ वर्षांच्या इब्राहिमच्या नावाने, अहमदनगरात तान्ह्या बहादूरच्या नावाने. जबाबदारी सगळी तिची, गादी कधीच तिची नाही. त्यामुळं प्रत्येक पेशव्याला वाटायचं की हिला बाजूला केलं की राज्य आपलं.

1599 मध्ये शहजादा मुराद वारला. अकबर स्वतः दख्खनच्या मोहिमेवर निघाला. त्याने अहमदनगरवर दुसरा मुलगा दानियाल आणि खानखानान यांना पाठवलं. त्यांची फौज येताना बघून नेहंगखान वेढा सोडून जुन्नरकडं पळाला. 1600 मध्ये मुघल पुन्हा त्याच तटाखाली सुरुंग खणू लागले.

पण 1596 आणि 1600 मध्ये फरक होता. आता बाहेरून कुमक यायची शक्यता नव्हती. सरदार फुटलेले. अकबर स्वतः जवळच खानदेशात येऊन बसलेला.

चांदबीबीने परिस्थिती मोजली. किल्ल्यातल्या हमीदखानाला, काही नोंदींत त्याचं नाव जिताखान येतं, तिने सल्ल्यासाठी बोलावलं. तिचं म्हणणं असं होतं की आतल्या लोकांच्या जिवाची हमी घेऊन किल्ला सोडावा, लहान बहादूरला घेऊन जुन्नरला जावं आणि तिथून पुढची संधी बघावी.

जुन्नरच का? एकतर निजामशाहीचं मूळ तिथलं. दुसरं म्हणजे शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन अशी डोंगरी किल्ल्यांची साखळी. खाली कोकणात उतरायला नाणेघाट. भुईकोटाखाली सुरुंग लावता येतो, सह्याद्रीच्या कातळाखाली लावणं सोपं नाही.

हमीदखानाला हे पटलं नाही. तो बाहेर गेला आणि चांदबीबी मुघलांना फितूर झाली, किल्ला विकायला निघाली, अशी बोंब त्याने ठोकली. शिपाई भडकले. जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला ठार मारलं.

चार वर्षांपूर्वी याच किल्ल्यातली माणसं तिच्या शब्दावर खिंडारात उभी राहिली होती.

पुढं काय झालं? सुरुंग उडाले, तट पडला आणि ऑगस्ट 1600 मध्ये मुघल आत शिरले. आतल्या फौजेची कत्तल झाली. तिने ज्यांच्या जिवाची हमी मागायची ठरवली होती तीच ही माणसं. बहादूरला पकडून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवलं. त्या पोराचं आयुष्य एका किल्ल्याच्या कैदेत सुरू झालं आणि पुन्हा दुसऱ्या किल्ल्याच्या कैदेत गेलं.

मग तिचा जुन्नरचा बेत चुकीचा होता का?

याचं उत्तर पुढच्या इतिहासाने दिलं. मलिक अंबरने निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधला, त्याला मुर्तझा म्हणून गादीवर बसवलं आणि आधी परांड्याहून राज्य चालवलं. नंतर राजधानी कुठं आणली? जुन्नरला. डोंगराच्या आधाराने, गनिमी काव्याने त्याने 1626 मध्ये मरेपर्यंत मुघलांना झुंजवलं. 1633 मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनीही एक लहान मुलगा गादीवर बसवून याच डोंगरी मुलखातून 1636 पर्यंत निजामशाही टिकवून धरली.

म्हणजे चांदबीबी ज्या बेतापायी फितूर ठरली, तोच बेत पुढं दोन पुरुषांनी अमलात आणला आणि त्यांना आपण मुत्सद्दी म्हणतो. म्हटलंच पाहिजे. पण मग तिलाही तोच शब्द लावायला हवा.

युद्ध आलं की बायकांसाठी बंद असलेली दारं उघडतात, हे जगात सगळीकडं झालंय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले पुरुष आघाडीवर गेले तेव्हा लाखो बायका कारखान्यांत विमानं आणि जहाजं बांधायला लागल्या. बाही वर करून दंड दाखवणाऱ्या बाईचं 1943 चं ते पोस्टर तुम्ही मीमवर हजारदा पाहिलं असेल. युद्ध संपलं, पुरुष परत आले आणि त्यातल्या कितीतरी जणींना कामावरून काढून घरी पाठवलं. गरज होती तोवर कौतुक, निर्णयाचा हक्क मागितला की नको, हा हिशोब चांदबीबीच्या वेळीही असाच होता. तट लढवायला ती चालली, तट कधी सोडायचा हे ठरवायला नाही.

आज नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गेलात तर लोक तुम्हाला डोंगरावरचा चांदबीबी महाल दाखवतील. खरं तर ती चांदबीबीची वास्तू नाही. ती निजामशाहीचा कारभारी सलाबतखान याची कबर आहे. पण लोकांनी नाव चांदबीबीचं दिलं आणि तेच टिकलं. आईचं चित्र पोथीतून पुसलं गेलं, मुलीचं नाव मात्र लोकांनी दुसऱ्याच्या कबरीवर लिहून ठेवलं.

आणि जुन्नरचं म्हणाल तर तिथल्या डोंगरांना हा विषय नवा नव्हता. चावंडच्या पुढे नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. आणि चांदबीबीचा खून झाल्यानंतर तीसच वर्षांनी, 19 फेब्रुवारी 1630 रोजी, चारी बाजूंनी लढाया पेटलेल्या असताना जिजाऊंनी शिवनेरीवर शिवरायांना जन्म दिला. पुढं नवरा मोहिमांवर असताना त्यांनी मूल वाढवलं, मुलूख सांभाळला आणि राज्याच्या निर्णयांत भाग घेतला. त्यांचा शब्द मानला गेला. चांदबीबीच्या वाट्याला ते आलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी चावंडच्या पायऱ्या चढाल तेव्हा वर पोचल्यावर जरा थांबा. इथं ठेवलेल्या एका बाळासाठी एक बाई तिकडं नगरच्या तटावर लढली होती. त्याच बाळाला घेऊन ती या डोंगरांकडं यायला निघणार होती. तिला येऊ दिलं असतं, तर कदाचित आज चावंडवर जाणारा प्रत्येक जण तिची गोष्ट सांगत वर गेला असता.